गोगोल : एका विनोदकाराची शोकांतिका

पु. ल. देशपांडे ह्यांचे 'अंमलदार' ज्यांनी पाहिले किंवा वाचले असेल, त्यांना निकोलाय गोगोल हा रशियन लेखक अगदीच परका नाही. 'अंमलदार' हे गोगोलच्याच 'रिविझोर' ह्या नाटकाचे मराठी रूपांतर. मीही गोगोलकडे ह्याच वाटेने गेलो. नाटक वाचताना पोट धरून हसलो आणि मग साहजिकच वाटले, की ज्याने हे लिहिले तो माणूस किती आनंदी असेल! म्हणून त्याचे चरित्र शोधू लागलो. तेव्हा कळले ते असे, की हा माणूस वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अन्न जवळजवळ वर्ज्य करून, आपल्या अखेरच्या पुस्तकाचे हस्तलिखित स्वतःच्या हाताने शेगडीत घालून मेला. ज्याने सगळ्या रशियाला हसविले त्यालाच हसण्याची लाज का वाटू लागली? हा प्रश्न मला काही केल्या सोडीना. प्रस्तुत लेखात त्याचाच माग काढण्याचा माझा यत्न आहे.

गोगोलचा जन्म १८०९ साली आजच्या युक्रेनमधील पोल्ताव्हा प्रांतात झाला. तारीख जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २० मार्च, आणि आजच्या पंचांगाप्रमाणे १ एप्रिल. घर लहानशा जमीनदाराचे. वडील हौसेने युक्रेनियन भाषेत फार्सवजा नाटके लिहीत. आई अतिशय धार्मिक. आधीची मुले दगावल्यामुळे तिने जवळच्या दिकान्का गावच्या संत निकोलायला नवस बोलला होता आणि मुलाचे नाव त्यावरूनच ठेवले. लहानग्या निकोलायला ती मृत्यूनंतरच्या अखेरच्या न्यायाची, पापी जीवांना होणाऱ्या यातनांची वर्णने सांगे. ती त्याच्या मनावर कायमची कोरली गेली. वडिलांचा फार्स आणि आईचा नरक अशी दोन्ही बियाणी एकाच वाफ्यात पेरली गेली होती, असे मला त्याचे पुढचे आयुष्य पाहताना वाटते.

नेझिन येथील शाळेत तो अभ्यासात यथातथाच होता. मात्र शाळेच्या रंगभूमीवर तो म्हाताऱ्या बायकांच्या भूमिका अशा वठवी, की प्रेक्षकांना आवरत नसे. १८२८ च्या अखेरीस मोठमोठी स्वप्ने घेऊन तो राजधानी सेंट पीटर्सबर्गला गेला. तिथे टोपणनावाने, पदरचे पैसे खर्चून एक गंभीर काव्य छापले. टीकाकारांनी त्याची टर उडविली. तेव्हा ह्या वीस वर्षांच्या पोराने दुकानोदुकान फिरून प्रती परत घेतल्या आणि एक खोली भाड्याने घेऊन तिथे जाळून टाकल्या. आपले लिखाण जाळण्याची ही त्याची पहिली वेळ. त्यानंतर आईने जमिनीच्या गहाणाचा हप्ता भरण्यासाठी पाठविलेले पैसे घेऊन तो जर्मनीला पळाला आणि काही आठवड्यांत परतलाही. पुढे सरकारी कचेरीत कारकुनी केली. ही कारकुनी वाया गेली नाही. कचेरीतली टेबले, हुद्द्यांची उतरंड, थंडीत कुडकुडणारे कमी पगाराचे नकलनवीस, हे सगळे पुढे 'ओव्हरकोट' ह्या कथेत आले.

नशीब उघडले ते विनोदाने. युक्रेनमधील खेड्यांतल्या भुताखेतांच्या, लग्नांच्या, दारूड्यांच्या गोष्टी त्याने १८३१-३२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या. पुस्तक छापले जात असता तो एकदा छापखान्यात गेला, तर खिळे जुळविणारे कामगार त्याला पाहून भिंतीकडे तोंड करून खुसूखुसू हसू लागले. विचारता कळले, की त्याच्याच गोष्टींनी त्यांची हसून पुरेवाट झाली होती. ही हकीकत त्याने पुश्किनला मोठ्या आनंदाने कळविली. मला ही हकीकत फार आवडते. टीकाकारांच्या आधी, उमरावांच्या आधी, हाताला शाई लागलेल्या माणसांनी गोगोलला पसंती दिली होती.

मधे काही काळ तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात इतिहासाचा अध्यापकही होता. एक-दोन व्याख्याने झकास झाली आणि मग उत्साह ओसरला. परीक्षेच्या वेळी दात दुखत असल्याचे सांगून तोंडाला रुमाल बांधून बसल्याची आठवण त्याचा त्या वेळचा विद्यार्थी, पुढे थोर कादंबरीकार झालेला तुर्गेन्येव्ह ह्याने लिहून ठेवली आहे. आमचे प्राध्यापक ही ओळ वाचून रागावणार नाहीत अशी आशा आहे!

आता 'रिविझोर'विषयी. कल्पना पुश्किनने दिली असे गोगोल सांगे. एका आडगावात राजधानीहून गुप्त तपासनीस येणार अशी बातमी येते, आणि नगरप्रमुखापासून न्यायाधीशापर्यंत सर्व लाचखाऊ मंडळी खानावळीत उतरलेल्या एका फुकट्या, कर्जबाजारी पोरालाच तपासनीस समजतात. एवढीच गोष्ट. कवी झुकोव्हस्कीने रदबदली केल्यामुळे नाटकाला थेट राजवाड्यातून परवानगी मिळाली आणि १९ एप्रिल १८३६ रोजी पहिला प्रयोग झाला. खुद्द झार निकोलस पहिला हजर होता. तो मनसोक्त हसला, आणि ह्यात सर्वांनाच चपराक मिळाली, त्यातही मला सर्वांत जास्त, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेला. हा झार काही मवाळ नव्हता. त्याच्या राज्यात लेखक सैबेरियात पाठविले जात. तरीही तो हसला.

आमच्याकडे जत्रेत तमाशा होतो तेव्हा वगात सोंगाड्या पाटलाची यथेच्छ टिंगल करतो. गावचा पाटील पुढेच बसलेला असतो आणि सर्वांत आधी तोच हसतो. कारण तो हसला नाही तर ती टिंगल त्याला लागू पडली असे गाव समजेल. झारच्या हसण्यात असा हिशेब होता की काय कोण जाणे. परंतु पाटील हसला तरी त्याचे कारभारी हसतीलच असे नाही. पीटर्सबर्गच्या कारभाऱ्यांना हे नाटक झोंबले. सरकारी नोकरांची ही बदनामी आहे, देशात एकही सज्जन नाही असे हा दाखवितो, अशी ओरड सुरू झाली. दुसरीकडे नटांनी नाटकाचा नुसता धांगडधिंगा केला म्हणून गोगोल स्वतःही खट्टू झाला. दोन महिन्यांच्या आतच तो देश सोडून निघाला. पुढली बारा वर्षे, मधल्या दोन मुक्कामांचा अपवाद सोडता, तो परदेशातच राहिला, आणि त्यांतली बरीचशी रोममध्ये.

परदेशी लिहिली ती त्याची सर्वांत मोठी कृती, 'मृत आत्मे' ही कादंबरी. तिचे बीज समजण्यासाठी रशियातली एक व्यवस्था समजून घ्यायला हवी. त्या काळी शेतावर राबणारे भूदास हे जमीनदाराची मालमत्ता असत. त्यांची मोजणी आत्म्यांवर होई, जशी आपण माणसे डोक्यांवर मोजतो. प्रत्येक पुरुष भूदासामागे जमीनदाराला डोईपट्टी भरावी लागे. खानेसुमारी मात्र अनेक वर्षांनी होई. मधल्या काळात जे मरत ते पुढील खानेसुमारीपर्यंत कागदावर जिवंतच राहत. खेड्यातल्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. वारसनोंद झाली नाही म्हणून सात-बाऱ्यावर मेलेले आजोबा वर्षानुवर्षे शेत कसत असतात, हे आपण पाहतोच. गोगोलच्या चिचिकोव्ह नावाच्या गुळगुळीत, अदबशीर नायकाने ह्यातून धंदा शोधला. असे मेलेले भूदास स्वस्तात विकत घ्यायचे, कागदोपत्री मोठे मालक व्हायचे आणि ते गहाण टाकून सरकारी संस्थेकडून कर्ज उचलायचे!

ह्या खरेदीसाठी तो एकेका जमीनदाराकडे जातो आणि एकेक नमुना आपल्यापुढे उभा राहतो. एक म्हातारी विधवा ह्या मालाचा बाजारभाव आपल्याला ठाऊक नाही म्हणून विक्री लांबविते, आणि हे मेलेले कधी घरकामाला उपयोगी पडतील का, अशी तिला शंका येते. सोबाकेविच नावाचा अस्वलासारखा गृहस्थ मेलेल्या सुताराचे, मेलेल्या चांभाराचे गुण वर्णन करून डोक्यामागे शंभर रूबल मागतो आणि घासाघीस करीत अडीच रूबलवर येतो. आपण हसतो. आणि मग हळूच ध्यानात येते, की मेलेल्यांचा हा बाजार आपल्याला विचित्र वाटतो, पण जिवंतांचा बाजार तर त्या देशात रोजच कायदेशीरपणे भरत होता. कुठेही उपदेश न करता गोगोल हे करून दाखवितो. पहिली प्रकरणे ऐकताना पुश्किन आधी हसला आणि शेवटी खिन्न झाला, असे गोगोलने लिहिले आहे. त्या पुश्किनचा १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धात अंत झाला. गोगोलने काहीही लिहिले की आधी ज्याचे हसू ऐकायचे, तो माणूसच गेला.

१८४१ च्या अखेरीस हस्तलिखित मॉस्कोच्या सेन्सॉर मंडळापुढे गेले. तिथे काय घडले ते गोगोलने एका मित्राला पत्रातून कळविले आहे. त्यात त्याच्या विनोदी लेखणीचाही थोडा हात असेलच. नाव ऐकताच अध्यक्ष कडाडले, की आत्मा अमर असतो, तो मृत कसा होईल, हा लेखक अमरत्वाविरुद्ध उठला आहे. त्यांना समजावून सांगण्यात आले, की इथे आत्मा म्हणजे कागदावरचा भूदास. तेव्हा ते म्हणाले, हे तर त्याहून वाईट, म्हणजे हा भूदासपद्धतीविरुद्ध आहे. एकाला भीती वाटली, की चिचिकोव्हचे पाहून लोक खरोखरच मेलेले भूदास विकत घेऊ लागतील. आणखी एक सुधारलेले सभासद होते. त्यांचा आक्षेप अडीच रूबल ह्या किमतीला. माणसाच्या आत्म्याला इतकी क्षुल्लक किंमत कशी? हे वाचल्यावर कोणी परदेशी मनुष्य आपल्या देशात पाऊल टाकणार नाही! माणसे विकली जातात ह्याची त्यांना लाज नव्हती, भाव कमी लावला ह्याची होती.

चेष्टा कळत नाही म्हणजे काय होते, ते ह्या बैठकीवरून समजते. हे सभासद अडाणी नव्हते, चांगले शिकलेले होते. परंतु प्रत्येक शब्द जिथल्या तिथे धरून त्यातून कोणाचा अपमान होतो एवढेच शोधायचे ठरविले, की सर्वांत हुशार माणूसही चिचिकोव्हच्या कादंबरीतले पात्र होऊन बसतो. अखेर राजधानीतल्या सेन्सॉरने नावाला शेपूट जोडून परवानगी दिली. 'चिचिकोव्हची साहसे, अथवा मृत आत्मे' असे ते लांबलचक नाव. गोगोलही वस्ताद. मुखपृष्ठ त्याने स्वतः रेखाटले, त्यात साहसे बारीक अक्षरांत घातली आणि 'मृत आत्मे' भल्या मोठ्या अक्षरांत! १८४२ च्या मे महिन्यात पुस्तक बाहेर पडले.

ते खूप गाजले. आणि खरी गोष्ट इथूनच बिघडते. एक उमराव म्हणे, हा रशियाचा शत्रू आहे, ह्याला बेड्या घालून सैबेरियात धाडा. ह्या शिव्यांचे मला फारसे वाटत नाही. गोगोलला घातक ठरली ती त्याची स्तुती. थोर टीकाकार बेलिन्स्की आणि त्याचे तरुण अनुयायी म्हणू लागले, की हा समाजव्यवस्थेवरचा हल्ला आहे, पुढे चला. धार्मिक आणि परंपराभिमानी मित्र म्हणू लागले, की वाईट खूप दाखविलेत, आता रशियाचा उदात्त आत्मा दाखवा. दोन्ही बाजू एकमेकींच्या वैरी, पण एका बाबतीत त्यांचे एकमत होते. नुसते हसणे पुरेसे नाही, त्यातून काहीतरी निघाले पाहिजे. नाटक पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांवर गोगोलने ह्याच सुमारास एक छोटे प्रकरण प्रसिद्ध केले. त्यात त्याने सुचविले आहे, की 'रिविझोर'मध्ये एक सज्जन पात्र होते आणि ते म्हणजे हास्य, पण ते कोणाच्या लक्षातच आले नाही. इतके स्पष्ट ज्याला दिसत होते, तोच पुढे ह्या सज्जनाला घराबाहेर काढायला निघाला.

त्याने ठरविले, की कादंबरीच्या दुसऱ्या भागात चिचिकोव्ह सुधारेल, चांगले जमीनदार, सद्गुणी अधिकारी दिसतील. लिहायला बसला आणि ती माणसे काही केल्या जिवंत होईनात. १८४५ मध्ये त्याने तो मसुदा जाळला. स्वतःचा आत्मा शुद्ध झाल्याखेरीज शुद्ध माणसे लिहिता येणार नाहीत, असा निष्कर्ष त्याने काढला. मग जुन्या कृतींनाही तो शुद्ध करू लागला. 'रिविझोर'मधले गाव म्हणजे आपले अंतःकरण, लाचखाऊ अधिकारी म्हणजे आपले विकार आणि शेवटी येणारा खरा तपासनीस म्हणजे सद्सद्विवेकबुद्धी, असा उपसंहार त्याने लिहिला. नगरप्रमुखाची भूमिका करणारा नामवंत नट श्चेप्किन जन्माने भूदास होता. त्याने हे साफ नाकारले. हे अधिकारी मला खरीखुरी माणसे म्हणूनच हवेत, ह्यांच्याबरोबर मी इतकी वर्षे राहिलो आहे, ते मी कोणाला देणार नाही, असे त्याने गोगोललाच कळविले. सगळ्या चरित्रात गोगोलच्या विनोदाची बाजू घेऊन गोगोलशी भांडलेला हा एकच माणूस मला भेटला.

त्यानंतर आले ते 'मित्रांशी केलेल्या पत्रव्यवहारातील निवडक उतारे' हे पुस्तक, १८४७ च्या आरंभी. त्यात विनोदाचा मागमूस नाही. जमीनदाराने भूदासांवर बापासारखे राज्य करावे, ही ईश्वराचीच योजना आहे, असा सूर. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो, की शेतकऱ्याला लिहायला-वाचायला शिकविण्याच्या मागे लागू नये. दिवसभर राबून आल्यावर त्याला झोप येते, पुस्तक कसले! धर्मग्रंथ वाचण्याची कोणाला ओढच लागली तर गोष्ट वेगळी, बाकीचे त्याला पाद्री सांगेल.

हे वाचले तेव्हा माझ्या मनात काय आले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या घरात धर्मग्रंथाखेरीज दुसरे पुस्तक मीच प्रथम आणले. माझे वडीलही दिवसभर राबून आले की झोपतात. परंतु मी कंदिलापाशी वाचत बसलो तर तो मालवा असे ते कधी म्हणाले नाहीत. ज्याच्या गोष्टींनी छापखान्यातले कामगार हसले त्याने हे लिहावे? ते कामगार वाचू शकत होते म्हणून तर हसले! १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच्या जेमतेम वर्षभर आधीचे हे पुस्तक आहे. मला गोगोलचा राग आला, आणि त्याहून अधिक दुःख झाले. जुना गोगोल असता तर असा उपदेश करणारा जमीनदार त्याने चिचिकोव्हच्या वाटेत एका प्रकरणात उभा केला असता.

बेलिन्स्की तेव्हा क्षयाने मरणपंथाला लागला होता. त्याने गोगोलला जळजळीत पत्र लिहिले. ते छापणे शक्यच नव्हते, हस्तलिखित नकलांतून ते देशभर फिरले. दोस्तोयेव्हस्कीने ते एका मंडळात वाचून दाखविले, आणि १८४९ मध्ये त्याला जी देहान्ताची शिक्षा झाली, तिच्या आरोपांत हे वाचनही होते. ऐन वधस्तंभापाशी ती बदलून त्याला सैबेरियात धाडण्यात आले. 'रिविझोर'ला झार हसला त्यास तेरा वर्षे झाली होती. झार तोच होता, पण आता कोणीच हसत नव्हते.

गोगोल १८४८ मध्ये जेरुसलेमची यात्रा करून आला, पण तिथेही मन कोरडेच राहिले असे त्याला वाटले. शेवटची वर्षे मॉस्कोत काउंट टॉल्स्टॉय (हे कादंबरीकार नव्हेत) ह्यांच्या घरी गेली. मात्वेय नावाच्या कडक पाद्र्याचा त्याच्यावर पगडा बसला. पुश्किनसारख्या पापी माणसाचा त्याग कर, असेही त्याने गोगोलला सांगितल्याचे म्हणतात. १८५२ च्या जानेवारीत एका स्नेह्याची पत्नी वारली आणि गोगोल पार खचला. उपास सुरू केले. ११ फेब्रुवारीच्या उत्तररात्री त्याने नोकर पोराला उठवून शेगडीचा धुरांडा उघडायला लावला आणि कादंबरीच्या दुसऱ्या भागाचे कागद आत घातले. पोरगा पाया पडून विनवीत होता. सगळे जळल्यावर गोगोल रडला. सकाळी म्हणाला, की सैतानाने फसविले.

पुढचे दहा दिवस वाचवत नाहीत. डॉक्टरांनी त्याला जबरदस्तीने गरम पाण्यात बसवून डोक्यावर गार पाणी ओतले, नाकाला जळवा लावल्या. एका अधिकाऱ्याचे नाक चेहऱ्यावरून निघून जाते आणि वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून गावभर हिंडते, अशी 'नाक' नावाची धमाल कथा ह्याच माणसाने तरुणपणी लिहिली होती. २१ फेब्रुवारीला सकाळी तो गेला.

तुर्गेन्येव्हने लिहिलेला मृत्युलेख राजधानीत छापू दिला नाही, म्हणून त्याने तो मॉस्कोत छापला. त्याबद्दल महिनाभर अटक आणि मग स्वतःच्या गावी स्थानबद्धता. १८६१ मध्ये भूदासपद्धती रद्द झाली, ते पाहायला गोगोल नव्हता.

त्याच्या जन्मशताब्दीला, १९०९ मध्ये, मॉस्कोत त्याचा पुतळा उभारला गेला. शिल्पकार आंद्रेयेव्हने तो अंगाभोवती झगा ओढून, मान खाली घालून बसलेला दाखविला. खाली चौथऱ्यावर मात्र त्याच्या पुस्तकांतली सगळी विनोदी पात्रे कोरली. सोव्हिएत राज्यकर्त्यांना हा खिन्न गोगोल खपला नाही. त्यांनी तो हलविला आणि १९५२ मध्ये, मृत्यूच्या शताब्दीस, त्या जागी ताठ उभा, प्रसन्नमुख गोगोल बसविला. त्याच वर्षी पक्षाच्या महासभेत मालेन्कोव्हने जाहीर केले, की आपल्याला नवे गोगोल हवे आहेत. तेव्हा रशियातला सर्वांत लोकप्रिय विनोदी लेखक झोश्चेन्को १९४६ पासून लेखक संघातून बडतर्फ होता. खिन्न पुतळा १९५९ मध्ये ज्या घरात गोगोल वारला त्याच्या अंगणात नेऊन ठेवला. मॉस्कोत आज दोन्ही आहेत, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. अंगणातल्या पुतळ्याखाली ती सगळी पात्रे अजून दाटीवाटीने उभी आहेत, चिचिकोव्ह, नगरप्रमुख, सोबाकेविच, आणि वर बसलेला गोगोल त्यांच्याकडे पाहत नाही.